खरा कर्णधार

‘कर्ण’ म्हणजे सुकाणूं. तें धरणारा तो कर्णधार. प्रवरेकांठीं कोल्हारास राहूनहि हा शब्द आम्हांस नदीवरून नव्हे, क्रिकेटच्या वृत्तांतूनच परिचित झाला! त्याच्या मूळ धन्यास मात्र आम्ही ‘कॉक्स’ म्हणतों. २०२३ सालीं हांगचौच्या आशियाई स्पर्धेंत भारताच्या आठ वल्हेकऱ्यांच्या नौकेनें ५ मिनिटें ४३.०१ सेकंदांत रौप्यपदक मिळविलें; तिचें सुकाणूं धनंजय उत्तम पांडे यांच्या हातीं होतें. आठहि वल्हेकरी पाठमोरे. पुढचें पाणी एकट्या कर्णधारासच दिसतें, आणि त्याच्याच हाकेवर वल्हीं एकजूट राहतात. जो वल्हें मारीत नाहीं तो नौकेंतील ओझें, हा समज अरसिकपणाचा होय. उसना नेलेला शब्द परत करणें, हीच त्याच्या गौरवाची पहिली पायरी.