घड्याळ कोणाचं? ई. पी. थॉम्पसन यांचा निबंध वाचताना

आज आपण एका निबंधाकडे वळू या. इंग्लंडचे इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ साली वेळ, कामाची शिस्त आणि औद्योगिक भांडवलशाही यांच्या नात्यावर एक दीर्घ निबंध लिहिला. तो आपण वाचायलाच हवा. पण तो कुठे कमी पडतो, हेही बघायला हवं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. कारखान्यांच्या आधी दिवस कामाच्या चालीने चालायचा. गाय पान्हावली की धार काढायची, भरती आली की होडी लोटायची. मादागास्करमध्ये भात शिजायला लागतो तेवढा अवधी हे वेळेचं एक माप होतं, असं उदाहरण ते देतात. पुढे मजुरी तासांवर मोजली जाऊ लागली आणि वेळ ही खर्च करायची गोष्ट झाली.

आपल्या बोलण्यातच बघा. 'वेळ जातो' म्हणतो, तेव्हा तो आपला आपण जात असतो. 'वेळ वाया घालवला' म्हटलं की आपण हिशेबाला बसतो. रविवारी दुपारी नुसतं पडून राहिलं तरी मनाला जी टोचणी लागते, ती या हिशेबाची. ही टोचणी उपजत नाही, शिकवलेली आहे, हे थॉम्पसननी दाखवलं. हे त्यांचं मोठं काम.

आता मुंबईकडे येऊ. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ती ३९ मिनिटं पुढे होती. त्याच महिन्यात काही हजार गिरणी कामगारांनी काम नाकारलं. का? घड्याळात आकडा तोच, पण सूर्याच्या हिशेबाने हजेरी ३९ मिनिटं आधी! महापालिकेनेही जुनी 'मुंबई वेळ' सोडली नाही. ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकली.

थॉम्पसनच्या मांडणीत कामगार हळूहळू मालकाचं घड्याळ स्वीकारतात आणि मग त्याच घड्याळाने दहा तासांच्या दिवसासाठी, ओव्हरटाइमसाठी भांडतात. मुंबईत मात्र भांडण थेट काट्यांवरच झालं. न विचारता ते पुढे सरकवायचा अधिकार कोणाला? साम्राज्याचा हा हात त्यांच्या निबंधात पुरेसा दिसत नाही.

दुसरी उणीव आपल्या घरातली आहे. लहान मुलांच्या आईचा दिवस घड्याळात पूर्ण बसत नाही, हे थॉम्पसन नोंदवतात आणि पुढे जातात. आपण तिथे थांबायला हवं. कारण ज्या कामाला तास नाहीत, ते आपल्या लेखी कामच उरत नाही. 'दिवसभर घरीच तर असतेस' हे वाक्य येतं ते इथून. पहाटे उठून डबे करणारी, रात्री दूध विरजून मगच आडवी होणारी बाई सगळ्यांच्या वेळा सांभाळते, पण तिच्या वेळेची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

घड्याळ फेकून द्या, असं आम्ही म्हणत नाही. तसं केलं तर उद्याची लोकल चुकेल. पण कुणाला, किंवा स्वतःलाही, 'वेळ वाया घालवलास' म्हणण्याआधी एवढं विचारू या: कोणाच्या घड्याळाने?