मुसाफिराचा हक्क आणि आपले सफरनामे

इस्लामने मुसाफिराची मोठी काळजी घेतली आहे. सफरीत नमाज कसर होते, रोजा पुढे ठेवता येतो, जकातीच्या आठ हकदारांत वाटेवरचा मुसाफिरही मोडतो. तो कोण, कुठला, मनात काय घेऊन निघाला याची चौकशी आधी करावी, असे कुठे सांगितलेले नाही. उर्दूत सफरनामे आणि हजनामे यांची परंपरा जुनी आहे. आपल्या मुस्लिम मराठी लेखनातही हजची आठवण, आखातातली नोकरी, परदेशातला एकटेपणा हे विषय आले आहेत. पण एक मुसाफिर या लेखनातून गळालेला आहे. तो समलिंगी आहे किंवा तृतीयपंथी आहे, मुसलमान आहे, आणि मुस्लिमबहुल देशात निघाला आहे.

हा विषय आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. आम्हास तसे वाटत नाही. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आखाताची कमाई कित्येक घरांच्या भिंतींत दिसते. आमचे साजगाव-खोपोली घाटाच्या पायथ्याचे, कारखान्यांचे. तरी आखाताची वाट इथूनही फुटते. जाणाऱ्या शंभरांत एखादा वेगळा असणारच. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. त्यामुळे मुंबईच्या विमानतळावर जो निर्दोष असतो, तो काही तासांनी कुवेतमध्ये उतरला की त्याच संबंधासाठी सात वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरतो. सौदी अरेबियात शिक्षा देहदंडापर्यंत जाऊ शकते. मजुराचा तर व्हिसाच मालकाच्या हाती. मोबाईलमधला एक फोटो किंवा एक संदेश पकडला गेला तरी नोकरी, अब्रू आणि घरी जाणारा पैसा एकदम जातो.

या मुसाफिराकडे आदराने पाहणारी एक कलाकृती आम्हास ठाऊक आहे. ती ग्रंथ नसून चित्रपट आहे. परवेझ शर्मा या भारतीय दिग्दर्शकाचा 'अ जिहाद फॉर लव्ह' हा माहितीपट २००७ साली टोरोंटोच्या महोत्सवात प्रथम दाखवला गेला. बारा देशांत आणि नऊ भाषांत त्याचे चित्रण झाले. 'जिहाद' हा शब्द इथे मनाच्या आतल्या झगड्याच्या मूळ अर्थाने आहे. वर्तमानपत्रांनी तलवारीला बांधलेला शब्द दिग्दर्शकाने सोडवून घेतला, हे त्याचे पहिले श्रेय.

आम्ही या माहितीपटाकडे सफरनामा म्हणून पाहतो. यातील बरीच माणसे वाटेवर आहेत. इराणमधून निघालेले चार तरुण तुर्कस्तानात आश्रयाच्या कागदाची वाट पाहतात. त्यांच्यातील एकाने फटक्यांची शिक्षा भोगली आहे. इजिप्तचा माझेन २००१ साली कैरोत नाईल नदीवरच्या बोटीवर पडलेल्या छाप्यात पकडला गेला होता. त्या वेळी ५२ पुरुषांवर खटला चालला. तुरुंगातून सुटून तो पॅरिसला पोचला. तुर्कस्तानातील दोन स्त्रिया कोन्याला मौलाना रूमींच्या दर्गाहवर जातात. यांपैकी कोणी धर्म सोडायला निघालेला नाही. घर सुटले, वतन सुटले, नमाज सुटली नाही. आपल्याकडे असा माणूस दीनपासून तुटलेलाच असणार असे गृहीत धरले जाते. हा माहितीपट ते गृहीत मोडतो, आणि वाद न घालता मोडतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. इतके देश घेतल्याने एकेका माणसाला वेळ कमी मिळतो. ओळख होते न होते तोच कॅमेरा पुढच्या शहरात जातो. कित्येकांचे चेहरे झाकलेले आहेत. ती जिवाची गरज आहे हे मान्य, पण प्रेक्षक आणि माणूस यांच्यात पडदा राहतो तो राहतोच. सर्वांत मोठी उणीव आमच्या ठिकाणाहून दिसते. आखातातल्या मजुरांच्या खोलीत आठ जणांबरोबर झोपणारा, महिन्याला घरी पैसे पाठवणारा कामगार यात नाही. आश्रय मागायला लागणारी भाषा आणि वकील त्याच्यापाशी नसतात. त्याची गोष्ट कॅनडात संपत नाही, ती रायगडात परत येते.

या देशांतला धोका केवळ धर्मातून आला, असा समज करून घेणेही बरोबर नाही. पाकिस्तान, बांगलादेश, मलेशिया येथे आजही जे कलम वापरात आहे ते इंग्रजांचे ३७७ आहे. उलट उस्मानी सल्तनतीच्या १८५८ च्या दंडसंहितेत या संबंधांस शिक्षा नव्हती, आणि जॉर्डनने ती १९५१ साली काढली. अर्थात कायदा नसला म्हणजे सुरक्षितता आली असेही नाही. इस्तंबूलमधील अभिमान मोर्चावर २०१५ पासून बंदी येत राहिली आहे. पाश्चात्त्य देश म्हणजे अभय, हाही भ्रमच. लखनौचे इतिहासकार सलीम किदवई कॅनडात शिकत असताना १९७७ साली माँट्रियलच्या एका बारवरील छाप्यात पकडले गेले होते. पुढे रूथ वनिता यांच्यासह त्यांनी भारतातील समलिंगी प्रेमाच्या साहित्याचा मोठा ग्रंथ २००० साली संपादित केला. उर्दू-फारसीतील वारसा त्यात इंग्रजी वाचकांपुढे आला.

तो वारसा आम्ही वर्गात रोज शिकवतो. उर्दू गझलेतला माशूक व्याकरणाने पुल्लिंगी असतो. मुले विचारतात, आणि शिक्षक 'हा रिवाज आहे' म्हणून पुढचा शेर घेतो. हालींनी १८९३ च्या 'मुकद्दमा'त या रिवाजाची चर्चा तरी केली. आपण तीही टाळतो. मुंबईच्या इस्मत चुगताईंनी १९४२ मध्ये 'लिहाफ' लिहिली. त्या कथेपायी त्यांना लाहोरच्या कोर्टात जावे लागले. मंटोही आपल्या 'बू' कथेसाठी त्याच वाटेवर होते. कथेत अश्लील शब्द दाखवता आला नाही आणि खटला टिकला नाही. पण त्या वाटेवर पुढे किती पावले पडली? मुंबईत १९९४ साली अशोक राव कवी यांनी समलिंगी व तृतीयपंथी यांच्यासाठी संस्था काढली, तिला नाव दिले 'हमसफर'. शब्द आपल्या जबानीचा, आणि त्या वाटेवर आपले लेखक मोजकेच.

कोणी म्हणेल, हा गुनाह आहे की नाही ते आधी ठरवा. ते उलेमांचे काम, त्यांनी करावे. साहित्याचे काम दुसरे आहे. या माहितीपटात दक्षिण आफ्रिकेचे इमाम मोहसिन हेंड्रिक्स आपल्या मुलांसह गाडीत दिसतात. वडिलांना संगसारची शिक्षा झाली तर, हा विषय निघतो, आणि पहिल्याच दगडाने जीव जावा, म्हणजे त्रास होणार नाही, असे लेकरू म्हणते. फेब्रुवारी २०२५ मध्ये हेंड्रिक्स यांची त्यांच्याच देशात गोळ्या घालून हत्या झाली. त्या देशाची राज्यघटना अशा माणसांना संरक्षण देते, तरी झाली. ते वाक्य आज ऐकताना कोणत्याही मुसलमान आईबापाला गुनाहची व्याख्या सुचणार नाही.

म्हणून आपल्या लेखकांकडे आमची मागणी साधी आहे. आखाताची कथा लिहाल तेव्हा त्या खोलीतल्या आठव्या माणसालाही लिहा. त्याचा न्यायनिवाडा करू नका, त्याला नमुनाही करू नका. त्याला कोणता कायदा कुठे लागू होतो, फोनमध्ये काय ठेवू नये, संकटात भारतीय दूतावास गाठावा, एवढे तरी त्याच्या घरच्यांना माहीत असावे. आणि तो परत आला तर दार उघडे असेल, हे त्याला आपल्या लेखनातून कळावे. जकातीत ज्याचा हिस्सा लावला आहे, त्याला आपल्या पानांत दोन ओळींची जागा नाकारणे शोभणारे नाही.