व्रत एकाचे, वनवास साऱ्यांचा

मिशनरी हा शब्द कानी पडताच गोमंतकीय वाचकाच्या डोळ्यांपुढे जी मूर्ती उभी राहते ती एकट्या पाद्र्याची. १५७९ साली गोव्यात उतरलेले आणि १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापून आपला धर्म आमच्याच ओवीत सांगणारे फादर स्टीफन्स हे त्या परंपरेतील एक थोर विद्वान. हे जेझुइट लोक ब्रह्मचारी. त्यांच्या मागे ना पत्नी, ना मूल, ना चुलीची विवंचना. प्रॉटेस्टंट मिशनरी मात्र सहकुटुंब येतो. धर्मग्रंथांच्या पेटीशेजारी त्याच्या सामानात बाळाची दुपटीही असतात. तो जे व्रत घेतो ते घरातील प्रत्येकास आचरावे लागते, मग त्यांनी ते मनापासून घेतलेले असो वा नसो. अशा कुटुंबाचे अंतरंग पाहावयाचे असेल, तर पर्ल बक यांचे ‘दि एक्झाइल’ व ‘फायटिंग एंजल’ हे दोन चरित्रग्रंथ वाचावेत. पहिला आईचा, दुसरा वडिलांचा. दोन्ही १९३६ सालीच प्रसिद्ध झाले.

‘द गुड अर्थ’ या कादंबरीमुळे लेखिकेचे नाव आपल्याकडेही परिचित आहे. परंतु १९३८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्या वेळी मानपत्रात चिनी शेतकरी जीवनाच्या चित्रणाबरोबर त्यांच्या चरित्रलेखनाचाही गौरवाने उल्लेख होता, हे फारसे कोणी ध्यानात ठेवीत नाही. तो गौरव अनाठायी नव्हता.

अ‍ॅब्सलम सायडनस्ट्रिकर आणि कॅरोलाइन स्टल्टिंग यांचा विवाह १८८० साली झाला व त्याच वर्षी ते दांपत्य अमेरिकेहून चीनला गेले. ग्रंथांत त्यांची नावे अँड्र्यू आणि केरी अशी आहेत. केरीबाईंना सात अपत्ये झाली. त्यांपैकी चार बालपणीच गेली आणि चीनच्या मातीत पुरली गेली. १८९२ साली हे कुटुंब रजेवर मायदेशी असताना पर्ल यांचा जन्म झाला आणि काही महिन्यांतच त्या चीनला नेल्या गेल्या. यांगत्से नदीकाठचे चेनच्यांग हे त्यांच्या बालपणाचे गाव.

‘दि एक्झाइल’ हा ग्रंथ १९२१ साली आई वारल्यावर प्रथम केवळ घरच्या माणसांसाठी लिहिला गेला आणि पुढे बरीच वर्षे पडून राहिला. त्याची खूण प्रत्येक पानावर दिसते. केरीबाई जेथे जेथे बिऱ्हाड करतात तेथे तेथे प्रथम अंगण साफ करून मायदेशची फुलझाडे लावतात. भिंतीबाहेर रोगराई, दुष्काळ आणि परक्याविषयीचा संशय. भिंतीआत गुलाब आणि भावाने दिलेला ऑर्गन. घर जरा लावून होते न होते तोच पतीला पुढच्या गावाची हाक ऐकू येते आणि मांडलेला संसार पुन्हा पेट्यांत भरला जातो. बाईंनी हे जीवन स्वेच्छेने पत्करले होते हे खरे. मरणोन्मुख आईच्या शय्येपाशी देवाने काही खूण दाखवावी अशी त्यांची याचना होती. ती खूण मिळाली असे वाटून तरुण वयात त्यांनी नवस केला. पुढचे सारे आयुष्य तो नवस फेडण्यात गेले. त्यांनी ईश्वराची ओढ कधी सोडली नाही, परंतु त्याचे स्पष्ट उत्तर पुन्हा त्यांना लाभले नाही. या ग्रंथाचे करुण मर्म येथे आहे.

‘फायटिंग एंजल’ हा ग्रंथ कलादृष्ट्या त्याहून सरस आहे असे आमचे मत आहे. आईविषयी लिहिताना लेखिकेचे प्रेम निर्णयबुद्धीवर मात करते. केरीबाईंचे दोष गुणांसारखेच गोड वाटू लागतात. वडिलांविषयी मात्र तिला प्रेम मागून घ्यावे लागत नाही आणि लपवावेही लागत नाही. म्हणून तेथे तिची दृष्टी निर्मळ राहते. हा मनुष्य निर्भय, विद्वान, निर्लोभ होता. १९०० साली बॉक्सरांचे बंड उसळले तेव्हा बायकामुले शांघायला पाठवून तो आपल्या ठिकाणी टिकून राहिला. बायबलच्या नव्या कराराचे बोलीभाषेत भाषांतर करणे हा त्याचा ध्यास. सुधारलेल्या आवृत्त्या छापण्यास लागणारा पैसा घरखर्चातूनच निघे. मुलांच्या लहानसहान इच्छा त्या छापखान्यात विरून गेल्या. आणि पत्नीचे मत? स्त्रीने मंडळीत बोलू नये, असे सेंट पॉलचे वचन त्याला पुरेसे होते. त्या संतपुरुषाविषयी आपल्या मनात कायमचा तिटकारा का उत्पन्न झाला, हे कन्येने आडपडदा न ठेवता सांगितले आहे. तरीही वडिलांचे चित्र व्यंगचित्र होत नाही. ज्याच्यामुळे आपण पोळलो त्याच्या तेजाला तेज म्हणावयास मनाचा मोठेपणा लागतो. तो या ग्रंथात आहे.

हे वाचताना मराठी वाचकास आवली आठवल्याखेरीज राहणार नाही. तुकोबांच्या वैराग्याची थोरवी गाताना आमच्या कीर्तनकारांनी तिला कजाग ठरविले आणि श्रोत्यांना हसविले. भुकेल्या पोरांची आई आणखी काय बोलणार होती, हा विचार थोड्यांनीच केला. तरीही भंडारा डोंगरावर भाकरी नेताना तिच्या पायात रुतलेला काटा काढावयास प्रत्यक्ष विठोबा आला, असे आमची लोककथा सांगते. म्हणजे लोकमनाने तरी तिचे ऋण ओळखले. केरीबाईंच्या कथेत असा काटा काढणारा कोणी येत नाही.

आता या ग्रंथांतील उणिवेकडे वळले पाहिजे. वांग आमा या दाईची व्यक्तिरेखा जिवंत आहे. परंतु अँड्र्यूंच्या उपदेशाने ज्यांनी धर्म सोडला त्या चिनी माणसांच्या घरी नंतर काय झाले, हे आपल्याला आतून कोठेच दिसत नाही. कुळदेवतेपुढचा दिवा कोणी विझविला, भाऊबंद कसे दुरावले, म्हातारी आई कोणाकडे राहिली? मिशनऱ्याच्या वनवासाची किंमत मोजली गेली. त्याच्यामुळे इतरांच्या उंबऱ्यावर जो वनवास आला त्याचा हिशेब राहूनच गेला. ती बाजू पाहावयास आपल्याला दूर जावे लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या पत्नीवर जो आकाश कोसळल्यासारखा प्रसंग आला, जी ताटातूट झाली, तिचे कथन त्यांनी विनोदाचा आधार सोडल्यावाचून केले आहे. हे तिन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले म्हणजे चित्र पूर्ण होते.

कोणी विचारील, कुशस्थळीचा मंगेश १५६० साली प्रियोळास न्यावा लागला ती आठवण ज्यांच्या घरात अजून जागी आहे, त्यांनी मिशनऱ्याच्या कुटुंबासाठी का हळहळावे? आमचे उत्तर असे की, देवासाठी घर सोडणे म्हणजे काय हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? हळहळ म्हणजे संमती नव्हे. स्वतः लेखिकेनेही ती दिली नाही. परदेशी मिशनकार्याला खरोखर आधार आहे काय, असा प्रश्न तिने १९३२ साली न्यूयॉर्क येथे स्वधर्मीयांपुढे उघडपणे मांडला आणि पुढच्या वर्षी मिशनचा राजीनामा दिला.

या कथेचा शेवट कोणत्याच ग्रंथात नाही. चीनमध्ये वाढलेल्या या कन्येने वृद्धपणी, १९७२ साली, तेथे जाण्याची अनुमती मागितली. ती नाकारण्यात आली आणि पुढील वर्षी अमेरिकेत तिचे देहावसान झाले. आई अमेरिकेसाठी झुरली, मुलगी चीनसाठी. वडील मात्र १९३१ साली चीनमध्येच, आपल्या कार्यक्षेत्रात वारले. त्या घरात परदेशी असे कधी वाटले नाही ते एकट्या त्यांनाच.