जे. जे.ची आधुनिकता आणि कालव्याकाठचा मुलूख

आपल्याकडे कलाशिक्षणाची चर्चा निघाली की ती मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई (जे. जे.) कलाशाळेपाशी सुरू होते आणि बहुधा तेथील चित्रकारांच्या नामावळीपाशीच संपते. त्या शाळेतून निघालेला आधुनिकतेचा संस्कार बारामती-इंदापूरसारख्या ऊस, दूध आणि कालव्याच्या मुलखात, आमच्या पिंपळीसारख्या गावात, कितपत झिरपला याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

जमशेटजींच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली उभी राहिलेली ही शाळा मूळची आधुनिक नव्हेच. हिंदी कारागिराला विलायती रेखांकनाची शिस्त लावावी, एवढाच सरकारी हेतू होता. सेझाननंतरच्या युरोपीय चित्रकलेचे वारे वर्गात शिरले ते १९३६ मध्ये चार्ल्स जेरार्ड संचालक म्हणून आल्यावर. आणि १९४७ चा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप ज्यांच्या पुढाकाराने जन्मला त्या चित्रकार सूझांना तर शाळेने दोनच वर्षे आधी काढून टाकले होते, तेव्हा या गाजलेल्या अध्यायाचे श्रेय शाळेला किती आणि तिच्याशी झालेल्या भांडणाला किती, हा प्रश्नच आहे. शंकर पळशीकरांसारख्या शिक्षकाने वर्गाची अब्रू राखली, हे मात्र निर्विवाद.

माझ्या मते जे. जे.चा खरा दूरगामी वारसा चित्रशाळेत नसून १९३५ च्या सुमारास तिच्यात निघालेल्या उपयोजित कलेच्या वर्गात आहे. जर्मनीत १९१९ ते १९३३ अशी अवघी चौदा वर्षे जगलेल्या बाउहाउस या कलाशाळेने वस्तूचे रूप तिच्या उपयोगातून सिद्ध व्हावे असा जो आग्रह धरला, तो आपल्याकडे आडवळणाने आला: बाउहाउसचेच विद्यार्थी असलेल्या मॅक्स बिल यांनी उल्म येथे जी संकल्पनशाळा घडवली, तिच्यात जे. जे.चे सुधाकर नाडकर्णी शिकले, मुंबईच्या दूधकेंद्राचा आराखडा त्यांनी तेथेच केला, आणि परतल्यावर पवईच्या आय. आय. टी.त १९६९ मध्ये सुरू झालेल्या औद्योगिक संकल्पन केंद्राला आकार दिला. त्याच केंद्रात शिकवणारे, मूळचे जे. जे.चेच, र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हा देवनागरी टंक रचला. पडद्यावरच्या मोजक्या ठिपक्यांत शिरोरेषा, काना, वेलांटी आणि उभ्या रचनेची जोडाक्षरे एकमेकांत न मिसळता वाचता यावीत, ही त्यातली अडचण. अशी अडचण सोडवणे हीही कलाच, हे मान्य करायला आपण फार वेळ लावला. आज तलाठ्याच्या दप्तरातील संगणकापासून साखर कारखान्याच्या नोटिशीपर्यंत तो टंक कोठेही भेटतो, पण कर्त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते.

आता गावाकडे पाहू. आमच्या शाळांत कलेचा दरबारी दाखला म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा. त्यांत संकल्पचित्राचा स्वतंत्र पेपर असतो खरा, परंतु शिरस्ता असा पडला आहे की दिलेल्या चौकोनाचे चार समान भाग पाडायचे, एका भागात पाने-फुले बसवायची, ती उरलेल्या तिहींत गिरवायची आणि पोस्टर रंगांनी काठोकाठ भरायची. वस्तू कोणासाठी, कशाची, हातात कशी बसेल, हा प्रश्न मुलाला कोणी विचारतच नाही. अक्षरलेखनाची गत याहून वाईट: पाटी रंगवणारे पेंटर ओळीची लांबी नजरेने मोजून अक्षरांतली मोकळीक सांभाळीत, फ्लेक्सच्या यंत्राने तो धंदाच बसवला आणि चौकाचौकांत ताणलेली, फुगवलेली, सावल्यांनी बरबटलेली अक्षरे टांगली. याचा दोष यंत्राला देणे सोयीचे असले तरी अन्यायाचे आहे, कारण यंत्र चालवणारा पोरगाही याच परीक्षा देऊन बाहेर पडलेला असतो.

सबब एक तजवीज सुचवतो. चौकोनातली फुले खुशाल राहू द्यावीत, पण त्यांच्याबरोबर एक प्रश्न असा घालावा की ऊसतोडीच्या कोयत्याची मूठ, दूध संकलन केंद्राची खिडकी किंवा एस. टी.च्या थांब्यावरची पाटी यांपैकी एकीचा आराखडा मुलाने करावा आणि तो तसाच का केला, हे चार ओळींत लिहावे. यासाठी खर्च नाही, इमारत नको. या परीक्षा घेणारे कला संचालनालय मुंबईत जे. जे.च्याच आवारात आहे. तेव्हा या सूचनेचा कागद एका दारातून दुसऱ्या दारात जायला हरकत नसावी.