झाडीपट्टीतील मालगुजारी वाडा

वाडा म्हटला की आमच्या सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढे पुण्याचा विश्रामबाग उभा राहतो. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ साली सिद्धीस नेलेल्या त्या वास्तूतील कोरीव लाकूडकाम हीच त्याची मोजपट्टी. ती घेऊन तो गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या मालगुजाराच्या वाड्यापुढे गेला, तर त्याचा हिरमोड व्हावयाचाच. जाड मातीच्या भिंती, सागाचे साधे खांब आणि कवेलूंचे छप्पर (पश्चिमेकडे ज्यास कौल म्हणतात, तेच हे कवेलू). यात पाहावयाचे ते काय, असे तो विचारील. आमच्या मते दोष वाड्याचा नव्हे, मोजपट्टीचा आहे.

या मुलखात वर्षाकाठी सुमारे ५० इंच पाऊस पडतो, तोही बहुतेक सारा चार महिन्यांत. आणि उन्हाळा तर विचारूच नये. म्हणून येथील सुताराने आपली बुद्धी नक्षीत न वेचता छपरात वेचली. छप्पर ओसरीपुढे इतके खाली उतरते की उंच माणसास मान लववूनच आत शिरावे लागते. कित्येकांना त्यात मालकाचा ताठा दिसतो. आम्हांस पावसाचा हिशेब दिसतो. झड मातीच्या भिंतीस शिवत नाही आणि वैशाखातले ऊन ओसरीच्या कडेशीच थबकते. जोते उंच, खिडक्या लहान, धानाची कोठी घराच्या पोटात. प्रमाणबद्धता येथे आहे. मात्र ती गरजेतून आलेली आहे.

वाडा तलावापासून तोडून पाहणे हीही चूकच. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधविला, असे परंपरा सांगते. अशा तलावांच्या पाण्यावर धान पिके व धानावर वाडे उभे राहत. १८६०च्या दशकातील जमाबंदीत मालगुजारांस मालकी हक्क मिळाला. १९५१ साली मध्यप्रदेशच्या कायद्याने तो संपला. तलाव सरकारकडे गेले, वाडे मालकांकडे राहिले.

आता एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. कवेलूंचे छप्पर दरसाल पावसापूर्वी फेरावे लागते आणि त्यास पुष्कळ हात लागतात. मालगुजारीच्या अमदानीत त्यांत वेठीचे हातही होते. ते सुटले हे योग्यच झाले. परंतु वाड्यांच्या थोरवीचे गोडवे गाणारे आमचे मित्र हा जमाखर्च सोयीस्करपणे विसरतात. हात गेले तशी छपरे गळू लागली. मग वर पत्रा आला, भिंतीस सिमेंटचा गिलावा आला. पत्र्याने घर तापते आणि सिमेंट ओल आत कोंडून मातीची भिंत आतून पोखरते. ही दुरुस्ती पडझडीहून घातक होय.

प्राचीन वास्तूंच्या १९५८च्या केंद्रीय कायद्यास शंभर वर्षांचे वय लागते. कित्येक वाडे त्या कसोटीस उतरतील; पण केवळ वयाने वास्तू थोर ठरते हे आम्हांस मान्य नाही. येथे मोलाची वस्तू आहे ती कुंभाराची व सुताराची विद्या, आणि ती भिंतीत नसून माणसांच्या हातांत असते. तेव्हा जतनासाठी पैसा मागावयाचाच, तर तो दर्शनी दरवाजाच्या रंगरंगोटीसाठी न मागता प्रतिवर्षी मे महिन्यात छपरावर चढणाऱ्यांच्या मजुरीसाठी मागावा.