लांछन, ध्वज आणि रंग

‘लांछन’ हा शब्द आज आपण कलंक या अर्थी वापरतो. परंतु आपल्या प्रदेशातील जुन्या शिलालेखांत व ताम्रपटांत राजे हाच शब्द अभिमानाने मिरवितात. तेथे लांछन म्हणजे कुलाची मुद्रा. आणि तिच्या जोडीला ध्वजावरील चिन्ह निराळे सांगितलेले असते. अलीकडे चिन्हांचे व रंगांचे जे तयार अर्थ सर्रास सांगितले जातात, त्यांची परीक्षा या जुन्या खुणांवरून करावी, असे आम्हांस वाटते.

हिंडलग्याहून बेळगाव शहर ओलांडले की किल्ला लागतो. त्यातील कमलबस्ती इ. स. १२०४ च्या सुमारास रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने उभारली. मूर्ती नेमिनाथांची आणि राजकुलही जैन धर्माचे आश्रयदाते. पण या रट्टांचा ध्वज होता सुवर्णगरुडाचा! गरुड विष्णूचे वाहन, तेव्हा राजा वैष्णव असावा, असा तर्क कोणी केला तर तो येथे फसतो. रट्ट स्वतःस राष्ट्रकूटांचे वंशज म्हणवीत, आणि राष्ट्रकूटांच्या मुद्रेवर गरुड होता. म्हणजे हा गरुड उपासनेचा नव्हे, वंशाचा दाखला. देवगिरीचे यादवही सुवर्णगरुडध्वज मिरवीत. ते आपले नाते श्रीकृष्णाच्या यदुकुलाशी जोडीत. कोल्हापूरच्या शिलाहारांचाही ध्वज तोच. परंतु ते आपला मूळपुरुष सांगत जीमूतवाहन, ज्याने नागाचे प्राण वाचविण्यासाठी आपला देह गरुडापुढे ठेवला. पक्षी एकच, कथा तीन.

गोव्याच्या कदंबांचे लांछन सिंह आणि ध्वजावर वानर. खानापूर तालुक्यातील हलशी ही त्यांची दुसरी राजधानी. शिवचित्त पेर्माडीच्या सुवर्णनाण्यावर सिंह आहे, आणि अक्षरे आहेत श्रीसप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाची. सिंह देवीचे वाहन, मग येथे शिवाचे नाव कसे, असा प्रश्न पडू नये. सिंहाने कुल सांगितले, अक्षरांनी उपास्य दैवत सांगितले. दोघांची कामे वेगळी.

हीच गोष्ट परक्यांच्या चिन्हांची. पोर्तुगीज राजवटीतील गोव्याच्या चिन्हात एक चक्र होते. ते पाहून आपल्याला धर्मचक्र आठवेल. पण ते संत कॅथरिनचे चक्र. तिच्या सणाच्या दिवशी, २५ नोव्हेंबर १५१० रोजी, आल्बुकेर्कने गोवा जिंकला, त्याची ती आठवण. कथा ठाऊक नसेल तर चिन्ह मुके राहते.

रंगांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे. रट्टांच्या लांछनाचा शब्द ‘सिंदूर’ असा घेतला तर शेंदूर होतो, आणि ‘सिंधुर’ असा घेतला तर हत्ती होतो. अभ्यासकांनी दोन्ही अर्थ लावले आहेत. युरोपातील ढालचिन्हांच्या शास्त्रात सोनेरी व रुपेरी यांना धातू म्हणतात, बाकीचे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको, हा त्यांचा मुख्य नियम. त्याचे कारण व्यवहारी: रणात दुरून ओळख पटावी. लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा, ही कोष्टके मागाहून लेखकांनी सजविली. १८७७ च्या दिल्ली दरबारात लॉर्ड लिटनने संस्थानिकांना या धर्तीचे ध्वज दिले. रॉबर्ट टेलर नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने ते रेखाटले होते. ढालीची ती चौकट आपल्याकडे अशी रुळली. आजच्या कर्नाटकाच्या राजचिन्हातही लाल ढालीवर म्हैसूरचा पांढरा गंडभेरुंड आहे. चौकट पाहुणी, पण पक्षी घरचा. म्हणून ते चिन्ह आम्हांस जिवंत वाटते.

हे सारे येथे सांगण्याचे कारण असे. आमच्या सीमाभागात रंगाचा अर्थ भाषेवरून लावण्याची सवय जडली आहे. पिवळा-तांबडा ध्वज एका बाजूचा, भगवा दुसऱ्या बाजूचा, आणि उत्सवाच्या कमानीवर कोणता लावावा यावरून मने कलुषित होतात. पिवळा-तांबडा म्हणजे हळदकुंकू, असे कन्नड बांधव सांगतात. ते तर आपल्या प्रत्येक देवीच्या पायांशी आहे! शिवाय जुन्या पद्धतीचे कुंकू हळदीचेच. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. भगवा हा गेरूचा, संन्याशाच्या छाटीचा रंग. ज्याने घरदार सोडले, त्याच्या वस्त्राने वेशीवर हक्क सांगावा, हे विपरीत आहे.

देवस्थानच्या मंडळींस आमची विनंती एवढीच. स्मरणिकेवर किंवा कमानीवर चिन्ह घालताना छापखान्यातील तयार ढाल व रंगांचे कोष्टक घेऊ नये. आपल्या देवाचे वाहन कोणते, गावच्या जुन्या दगडावर काय कोरले आहे, हे आधी पाहावे. आणि चिन्हाखाली दोन ओळींत त्याची कथा लिहावी. मराठीत, कोकणीत, आणि शेजारी कन्नड असेल तर कन्नडमध्येही. कदंबांचा सिंह आणि रट्टांचा गरुड यांना आजच्या सीमा ठाऊक नव्हत्या.