रुग्णमाहितीपत्रकांची मराठी : एक अर्थविचार

रुग्णालयात रुग्णाच्या हाती दिल्या जाणाऱ्या माहितीपत्रकाकडे वाङ्मय म्हणून कोणी पाहत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु जे गद्य चुकीचे समजले तर त्याचे मोल वाचकाच्या देहाला द्यावे लागते, त्या गद्याचे परीक्षण भाषाभ्यासकाने टाळणे मात्र स्वाभाविक म्हणता यावयाचे नाही.

ह्या पत्रकांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप संस्कृतप्रचुर परिभाषेचा आहे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर शासनव्यवहारासाठी जी भाषा घडत गेली, तिची छाया आरोग्यविषयक लेखनावर पडली, हे खरे. तथापि हा दोष दिसतो तितका घातक नाही. ‘मधुमेह’, ‘रक्तदाब’ हे शब्द रुळले आहेत. ‘ऑपरेशन’, ‘इंजेक्शन’ ह्यांना तर कोणी परके मानीत नाही. अपरिचित शब्दाशी वाचक अडखळतो व कोणाला तरी विचारतो. खरा धोका परिचित शब्दाचा असतो. तो वाचकाला थांबवीत नाही. लेखकाच्या मनातील अर्थ एक आणि वाचकाच्या मनातील दुसरा, असे होऊनही दोघांना आपण एकमेकांस समजलो असेच वाटत राहते.

क्षयरोगाच्या पत्रकांत ह्याची उदाहरणे विपुल आहेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास ‘थुंकीची तपासणी’ करून घ्यावी, असे सांगितले जाते. मराठीत ‘थुंकी’ म्हणजे तोंडातील लाळ. छातीतून खोकून निघतो तो ‘बेडका’. तपासणीला हवा असतो बेडका. शब्दाशी प्रामाणिक राहणारा रुग्ण डबीत लाळ आणून देतो, आणि अशा नमुन्यात जंतू न आढळणे सहज संभवते. रोग असून तो नसल्याचा निर्वाळा मिळतो. ‘बेडका’ हा शब्द ओंगळ वाटतो म्हणून तो टाळला जात असेल, तर ही सभ्यता रुग्णाला परवडणारी नाही. काही पत्रकांत तो वापरलेला आढळतो. तोच सर्वत्र वापरला जाणे इष्ट होय.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. ‘बरे होईपर्यंत औषध घ्यावे’ ह्या वाक्यात व्याकरणदृष्ट्या काहीच वावगे नाही. पण मराठी ‘बरे वाटणे’ आणि ‘बरे होणे’ असा भेद करते, आणि आजाऱ्याला ह्यांतील पहिल्याचाच अनुभव येतो. औषधांना दाद देणाऱ्या फुफ्फुसाच्या क्षयाचा रूढ उपचार सहा महिन्यांचा आहे. ताप उतरणे, भूक लागणे ह्या गोष्टी त्याच्या कितीतरी आधी घडतात. रुग्ण ‘वाटणे’ हेच ‘होणे’ समजतो आणि औषध सोडतो. रोग उलटतो, कधी औषधांनाही जुमानीत नाही. हा भेद भाषेत आयता असताना पत्रककाराने तो वापरू नये, हे नवल आहे. ‘बरे वाटू लागले म्हणजे बरे झाले असे नव्हे, सहा महिने पुरे होऊन डॉक्टर सांगतील तेव्हाच औषध थांबवा’ एवढे पुरेसे आहे.

तिसरा शब्द ‘दुष्परिणाम’. रिफॅम्पिसिनमुळे लघवीला तांबूस-नारिंगी रंग येतो. तो निरुपद्रवी असतो. डोळे पिवळे होणे हे मात्र यकृताला इजा झाल्याचे लक्षण असू शकते व तत्काळ डॉक्टरांना कळवावयाचे असते. दोन्ही एकाच ‘दुष्परिणाम’ ह्या मथळ्याखाली आली, की ‘दुस्’ हा उपसर्ग दोहोंना सारखेच भयावह करतो. भ्यालेला रुग्ण निष्कारण औषध टाकतो. निर्ढावलेला, पिवळ्या डोळ्यांकडेही दुर्लक्ष करतो.

शब्दांइतकाच दोष वाक्यरचनेचा आहे. ‘द्रावण तयार करण्यात यावे’ ही कर्त्याला लपविणारी कचेरीतील रचना आहे. जुलाब होणाऱ्या मुलाच्या आईला ‘ही पूर्ण पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा; चोवीस तासांनंतर उरलेले फेकून द्या’ असे सरळ सांगता येते. मोठ्या पुडीसाठी एक लिटर हे माप आहे. लहान पुड्याही मिळतात, म्हणून पुडीवरील माप पाहण्याची सूचना हवी. पाणी कमी पडले तर द्रावण अपायकारक ठरण्याइतके खारट होते. आज्ञार्थ येथे उद्धट नव्हे, आपुलकीचा आहे.

पत्रकात असा तपशील मावत नाही, अशी सबब सांगितली जाते. वरील पर्यायी वाक्ये लांबीने फारशी अधिक नाहीत, हेच तिचे उत्तर. शिवाय २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने उपचाराला संमती घेण्यापूर्वी त्याचे स्वरूप, लाभ, पर्याय व मोठे धोके ह्यांची पुरेशी माहिती रुग्णास देणे आवश्यक ठरविले. न समजलेली माहिती पुरेशी कशी म्हणावी?

तात्पर्य, पत्रकाची कसोटी कोशात नाही. वाचून झाल्यावर ‘आता घरी जाऊन काय कराल?’ असे रुग्णास विचारावे. त्याचे उत्तर चुकले, तर चूक पत्रकाची समजावी. वऱ्हाड, मराठवाडा, कोकण येथील आजारवाचक शब्दांचा पद्धतशीर संग्रह करून मराठी विभागांना ह्या कामी वैद्यकांस साह्य करता येईल. अर्थविचाराला ह्याहून निकडीचे क्षेत्र क्वचितच सापडेल.